एक मोबाईल, वीस कागद आणि अख्खा वर्ग: सीमाभागातल्या मराठी शाळांसाठी प्लिकर्स

वर्गात प्रश्न विचारला की तेच चार हात वर येतात. बाकीची मुले वहीत डोके घालून बसतात, आणि त्यांना किती कळले ते परीक्षेचे पेपर तपासेपर्यंत कोणालाच ठाऊक नसते. म्हणून ‘खेळातून शिक्षण’ अशी जाहिरात करणारे कुठलेही ॲप समोर आले, की आधी दोन गोष्टी तपासाव्यात. प्रत्येक मुलाला प्रत्येक प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते का? आणि चुकलेले उत्तर शिक्षकाला त्याच मिनिटाला दिसते का? नाणी, चांदण्या, बिल्ले हे सगळे त्यानंतर.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या मराठी शाळांना आणखी एक अट घालावी लागते. बऱ्याच ठिकाणी एका खोलीत दोन इयत्ता बसतात, शिक्षकाकडे स्वतःचा एक मोबाईल असतो आणि मुलांच्या हातात पाटी-वहीपलीकडे काही नसते. या तिन्ही गोष्टींत बसणारी सेवा म्हणून इथे प्लिकर्सचा विचार केला आहे. शेवटाकडे कहूट आणि क्लासडोजोबद्दलही थोडे आहे.

प्लिकर्सची कल्पना साधी आहे. प्रत्येक मुलाला एक छापील कार्ड मिळते. कार्डावर काळ्या चौकोनांची एक आकृती असते, क्यूआर कोडसारखी दिसणारी पण त्याहून मोठ्या ठोकळ्यांची. कार्डाच्या चार कडांना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी लिहिलेले असते. मुलाने आपल्या उत्तराची कड वर करून कार्ड धरायचे. शिक्षकाने मोबाईलचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणत्या क्रमांकाच्या कार्डाची कोणती कड वर आहे ते ॲप ओळखते, आणि बरोबर-चूक पडद्यावर उमटते. प्रत्येक कार्डाची आकृती वेगळी असल्यामुळे शेजाऱ्याच्या आकृतीकडे बघून नक्कल करता येत नाही. कार्डांची पीडीएफ त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहे. साधा संच ४० कार्डांचा, मोठा ६३ कार्डांचा. एका पानावर दोन कार्डे येतात, म्हणजे ४० कार्डांना २० पाने पुरतात.

कार्डे बनवताना जे चुकते त्याची किंमत पुढे रोजच्या तासाला मोजावी लागते, म्हणून इथे घाई करू नये. पीडीएफवरून थेट प्रिंट काढा, झेरॉक्सवरून झेरॉक्स नको. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या झेरॉक्सात काळा रंग राखाडी पडतो, मधे पांढरे पट्टे येतात आणि कॅमेरा गोंधळतो. कापताना काळ्या आकृतीभोवतीची पांढरी पट्टी शिल्लक ठेवा, कात्री आकृतीला लागता कामा नये. साधा ७५ जीएसएमचा कागद पंख्याच्या वाऱ्याला वाकतो आणि वाकलेले कार्ड वाचले जात नाही. २०० ते २५० जीएसएमच्या जाड कागदावर छापून घ्या, नाहीतर साध्या कागदावर छापून मागे जुन्या लग्नपत्रिकांचा पुठ्ठा लावा. पातळ केलेला फेविकॉल कागद ओला करतो आणि वाळताना सुरकुत्या पडतात. डिंकाची कांडी बरी.

आणि लॅमिनेशन करू नका. ही चूक सर्वात जास्त होते, कारण कार्डे टिकावीत ही इच्छा रास्तच आहे. पण चकचकीत प्लास्टिकवर खिडकीचा उजेड पडला की पांढरा डाग दिसतो, त्या डागाखालची आकृती कॅमेऱ्याला दिसतच नाही. पारदर्शक चिकटपट्टीचीही तीच गत. बिनचमकीचे, म्हणजे मॅट लॅमिनेशन मिळाले तरच करा.

कार्डातला खरा दोष मात्र वेगळाच आहे, आणि तो पहिली ते तिसरीच्या वर्गात हमखास भोवतो. ए, बी, सी, डी ही अक्षरे आकृतीच्याच बाजूला छापलेली असतात. मूल कार्ड आपल्याकडे वळवून अक्षर बघते, हवी ती कड वर करते आणि मग कार्ड शिक्षकाकडे फिरवते. दार उघडावे तसे, आडवे फिरवले तर वरची कड वरच राहते. पण पुस्तकाचे पान वरून खाली उलटावे तसे फिरवले तर वरची कड खाली जाते, आणि मुलाने निवडलेल्या उत्तराच्या बरोबर समोरचे उत्तर नोंदले जाते. मुलाला येत असते, यंत्र चूक दाखवते. त्या मुलाच्या चेहऱ्यावरचा गोंधळ बघून शिक्षकाला वाटते याला कळलेच नाही.

यावर उपाय कार्डाच्या मागच्या बाजूला आहे. ज्या कडेला पुढून ए आहे, त्याच कडेच्या मागे त्रिकोण काढा. बीच्या मागे चौकोन, सीच्या मागे गोल, डीच्या मागे चांदणी. प्रत्येक वेळी कड बोटात धरून ठेवा आणि कार्ड उलटवून मागे खूण करा. समोरून बघून अंदाजाने काढायला गेलात तर डावे-उजवे उलटे होते. आता मूल आकृती शिक्षकाकडेच ठेवून मागच्या खुणा बघत कार्ड गोल फिरवू शकते, उलटण्याचा प्रश्नच उरत नाही. फळ्यावर पर्याय लिहिताना अक्षराऐवजी हीच चित्रे काढली की एबीसीडी न येणारी पहिलीची मुलेही खेळात येतात. मागच्या बाकावरच्याला पुढच्याच्या खुणा दिसू नयेत म्हणून कार्ड छातीशी टेकवून धरण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. दोन्ही हातांनी, बोटे फक्त कडेवर, आणि कड जमिनीला समांतर. तिरपे धरलेले कार्ड एकतर वाचले जात नाही किंवा भलतेच वाचले जाते.

मांडणीला साधारण अर्धा तास लागतो. संकेतस्थळावर खाते उघडायचे, वर्ग तयार करायचा, हजेरी क्रमांक तोच कार्ड क्रमांक ठेवायचा. मुलांची पूर्ण नावे टाकण्याची काही गरज नाही. ‘चौथी ७’, ‘पाचवी २१’ एवढे पुरते आणि मुलांची माहितीही बाहेर जात नाही. चौथी-पाचवी एका खोलीत असेल तर चौथीला १ ते १५, पाचवीला १६ पासून पुढे अशी कार्डे वाटून एकच वर्ग करा. दोन इयत्तांना वेगवेगळे वर्ग करून दोन्हीकडे १ नंबरचे कार्ड दिले, तर एका फेरीत दोन ‘१’ कॅमेऱ्यासमोर येतात आणि कोणाचे उत्तर कोणाच्या नावावर गेले ते सांगता येत नाही. मग प्रश्नांचा संच लिहायचा आणि तो त्या वर्गाच्या रांगेत टाकायचा. मोबाईलवर तोच संच दिसतो. प्रश्न देवनागरीत किंवा कन्नड लिपीत, दोन्ही तऱ्हेने टाइप करता येतात. मोबाईलवर जीबोर्डमध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही कळफलक घेतले की काम भागते.

मोफत खात्यात एका संचात पाचच प्रश्न घेता येतात. ही मर्यादा अडचण वाटेल, पण प्राथमिकच्या एका तासाला पाच प्रश्न पुरून उरतात. नीट घेतले तर पाच प्रश्नांना पंधरा ते वीस मिनिटे लागतात.

खेळाचा सारा जीव चुकीच्या पर्यायांत आहे, आणि बहुतेक तयार प्रश्नसंच इथेच गळपटतात. एक उत्तर बरोबर आणि तीन वाटेल ती, असा प्रश्न काढला तर कोण चुकले एवढेच कळते, का चुकले ते कळत नाही. हातच्याची वजाबाकी घ्या. ५२ वजा २७ हा प्रश्न दिसायला चांगला, पण तपासणीला वाईट. मोठ्या अंकातून लहान अंक वजा करणारे मूल ७ मधून २ आणि ५ मधून २ काढून ३५ आणते. दशकाकडून उसने घेऊन दशक कमी करायला विसरलेले मूलही ३५च आणते. दोन वेगळ्या चुका, उत्तर एकच. त्याऐवजी ६४ वजा २८ द्या. बरोबर उत्तर ३६. पहिली चूक करणारा ४४ निवडतो, दुसरी चूक करणारा ४६, आणि चिन्ह न बघता बेरीज करणारा ९२. कोणती कड वर आहे हे बघताच कोणाला काय शिकवायचे ते ठरते. ‘दोनशे तीन’ अंकात लिहा, याला २०३, २००३, २३०, २३ हे पर्याय द्या. ऐकल्यासारखे लिहिणारी मुले २००३ वर जातात, शून्याची जागा न कळलेली २३० किंवा २३ वर. ‘एकोणतीस’ ऐकून ३९ लिहिणारी मुले प्रत्येक मराठी वर्गात असतात, त्या प्रश्नात तोही पर्याय ठेवा. हेच मूल कन्नडच्या तासाला ‘इप्पत्तोंबत्तु’ ऐकून बिनचूक २९ लिहिते, कारण तिथे वीस आणि नऊ हे सरळ त्याच क्रमाने येतात. हा दुवा मराठीच्या शिक्षकाने वापरायलाच हवा.

कन्नडच्या तासाला तर या भागातल्या मुलांसाठी प्रश्नांची खाणच आहे. ‘हसु’ म्हणजे काय? पर्याय: हसणे, गाय, भूक, हात. बरोबर उत्तर गाय. मराठी कानाने ऐकणारे मूल ‘हसणे’ निवडते, ‘हसिवु’ (भूक) अर्धवट ऐकलेले ‘भूक’ निवडते, अगदी थोडे ‘हात’कडे जातात. ‘मर’ला (म्हणजे झाड) झाड, मरणे, घर, पाऊस असे पर्याय दिले की ‘मने’ (घर) आणि ‘मळे’ (पाऊस) यांचीही परीक्षा होते. ‘तले’ला (म्हणजे डोके) डोके, तळे, तळवा आणि चौथा पर्याय ‘अजून कळले नाही’. हा चौथा पर्याय पाचपैकी निदान दोन प्रश्नांना ठेवावा. अंदाजाने कड वर करण्यापेक्षा न कळल्याचे न लाजता सांगता येणे मुलांना फार लवकर आवडू लागते, मात्र त्यासाठी तो पर्याय निवडल्याबद्दल एकदाही रागावून चालत नाही.

फेरी घ्यायची ती दोनदा मतदानाची. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकात महाविद्यालयीन वर्गांसाठी रूढ केलेली ही रीत प्राथमिकमध्येही छान चालते. प्रश्न वाचून दाखवा, अर्धा मिनिट शांतता, मग कार्डे वर, आणि कॅमेरा फिरवा. बरोबर उत्तर सांगू नका. २४ मुलांच्या वर्गात बरोबर ७ किंवा कमी असतील तर चर्चेत अर्थ नाही, पुन्हा शिकवा. ८ ते १६ असतील तर ‘शेजाऱ्याला तुझे उत्तर का बरोबर ते पटवून दे’ म्हणून दीड-दोन मिनिटे द्या आणि पुन्हा मत घ्या. १७ किंवा जास्त असतील तर कारण एका वाक्यात सांगून पुढे चला. दुसऱ्या मतदानात आकडा उसळी मारतो तेव्हा वर्गात जो गलका होतो, त्यासाठीच हा सगळा खटाटोप.

कॅमेरा सावकाश फिरवायचा, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, प्रत्येक रांगेपाशी क्षणभर थांबत. घाईने फिरवला की प्रतिमा पुसट होते. कोणाची नोंद राहिली ते पडद्यावर दिसतेच, तेवढ्यांकडे परत वळा. उजेड शिक्षकाच्या पाठीमागून यायला हवा. मुलांच्या मागे उघडी खिडकी असेल तर कार्डे काळीठिक्कर दिसतात. जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात दारे-खिडक्या लावून बसावे लागते, तेव्हा खोलीत इतका अंधार असतो की मागच्या रांगा वाचल्याच जात नाहीत. अशा दिवशी मुलांना दाराकडे तोंड करून अर्धगोलात, दोनच रांगांत बसवावे. मोठ्या हॉलसाठी एका पानावर एकच मोठे कार्ड असलेला संचही त्यांनी दिलेला आहे.

प्रोजेक्टर असेल तर संगणकावर प्रश्न आणि उत्तरांचा आलेख दाखवता येतो. आलेख जरूर दाखवा. कोणत्या मुलाचे उत्तर चुकले हे मात्र पडद्यावर येऊ देऊ नका. तीन आठवड्यांत वर्ग ‘हुशार’ आणि ‘बाकीचे’ असा फाटतो, आणि मग कार्डे असूनही चारच मुले खेळतात.

गुणांचे काय, हा प्रश्न येतोच. खेळ म्हटला की गुण हवेत असे मुलांनाही वाटते, आणि एसडीएमसीच्या, म्हणजे शाळा विकास व देखरेख समितीच्या, सभेतही बक्षिसांची सूचना निघते. यात सबुरी हवी. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांचा १९७३ चा प्रयोग याबाबत फार बोलका आहे. बालवाडीतल्या, मुळात चित्र काढायला आवडणाऱ्या मुलांपैकी काहींना आधीच सांगून प्रमाणपत्र दिले. पुढे मोकळ्या वेळेत ती मुले चित्रांकडे इतरांच्या साधारण निम्माच वेळ वळली. ज्यांना न सांगता, अचानक बक्षीस दिले त्यांची आवड तशीच टिकली. म्हणजे ‘पाच बरोबर आणलेस तर पेन्सिल’ हा सौदा ज्याला गणित आवडते त्याचेच जास्त नुकसान करतो.

गुण हवेच असतील तर ते साऱ्या वर्गाचे मिळून ठेवा. भिंतीवर एक वाट काढा: बेळगाव, पिरनवाडी, किणये, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला. दोन गावांमध्ये पाच घरे, एकूण २५. दुसऱ्या मतदानात तीन-चतुर्थांश मुले बरोबर असली, म्हणजे २४ पैकी १८, की सोंगटी एक घर पुढे. आठवड्याला दोन संच घेतले तर चोर्ल्याला पोचायला कमीत कमी अडीच आठवडे लागतात, आणि तेवढा वेळ मुलांची उत्सुकता टिकते. सोंगटी मागे कधीच नेऊ नका. चौकाभाऱ्यात सोंगटी मारण्याची जी गंमत आहे ती इथे आणली, तर ‘तुझ्यामुळे राहिलो’ हे वाक्य दुसऱ्याच दिवशी ऐकू येते.

गुणांशिवायही खेळाचा डाव रंगतो याचा पुरावा कर्नाटकातच आहे. १९९५ साली म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात सुरू झालेली नली-कली पद्धत म्हणजे कार्डांची शिडीच. एक कार्ड झाले की पुढच्या पायरीवर, प्रत्येक मूल आपापल्या गतीने. पहिला-दुसरा नंबर नाही, तरी मुले पुढच्या पायरीसाठी धडपडतात.

आता बाकीच्या दोन सेवा. नॉर्वेत तयार होऊन २०१३ मध्ये आलेले कहूट दिसायला सर्वात रंगीत आहे. लाल त्रिकोण, निळा शंकरपाळा, पिवळे वर्तुळ, हिरवा चौकोन हे त्याचे पर्याय लहान मुलांना पटकन कळतात. पण प्रत्येक मुलाला किंवा गटाला एक उपकरण लागते. शिवाय नेहमीच्या खेळात गुण वेगावर ठरतात: झटकन दिलेल्या बरोबर उत्तराला १००० च्या जवळपास, शेवटच्या सेकंदाला दिलेल्या बरोबर उत्तराला साधारण ५००. कन्नड वाक्य अक्षर-अक्षर जुळवत वाचणाऱ्या तिसरीच्या मुलीला बरोबर उत्तर देऊनही खालचा क्रमांक मिळतो. शाळेत टॅब असतील आणि सहावी-सातवीची उजळणी असेल तरच घ्यावे, तेही गट करून, वेळ लांबवून.

क्लासडोजोची गोष्ट वेगळी. तो पाठाचा खेळ नाहीच, वर्तनाचे गुण देण्याची वही आहे. प्रत्येक मुलाच्या नावापुढे एक गमतीदार राक्षस, आणि चांगल्या-वाईट वागण्याचे आकडे. पालकांना निरोप पाठवायला उपयोगी आहे. पण उणे गुण देण्याची सोय बंद करून आणि आकडे पडद्यावरून काढूनच वापरावा, आणि एवढे केल्यावर त्यातला खेळ जवळजवळ उरत नाही. प्राथमिकच्या पाठासाठी त्याची शिफारस करता येत नाही.

प्लिकर्सची मोठी उणीव म्हणजे नेट. खानापूरच्या पश्चिमेकडे कितीतरी ठिकाणी रेंज पटांगणाच्या एका कोपऱ्यात येते आणि वर्गात शिरताच जाते. तिथे या सेवेवर तास बेतू नये. त्याऐवजी मोबाईल बाजूला ठेवून हाच डाव चार रंगी कार्डांवर खेळा. ए-फोर कागद दोनदा दुमडून चार पट्ट्या करा, प्रत्येकीवर एक रंग आणि कार्डामागच्या चार खुणांपैकी एक आकार. रंग ओळखायला जड जाणाऱ्या मुलांसाठी आकार हवाच. ‘एक, दोन, तीन’ म्हणताच सगळ्यांनी उत्तराची पट्टी पुढे करून कागद छातीशी धरायचा, म्हणजे बघून बदलायला वेळ मिळत नाही. शिक्षकाने फक्त चुकलेले रंग शोधायचे. हजेरी क्रमांकांच्या तक्त्यात बरोबर असलेल्यांपुढे काहीच लिहायचे नाही, चुकलेल्यांपुढे निवडलेल्या आकाराची खूण. २४ मुलांची नोंद अर्ध्या मिनिटात होते. ६४ वजा २८ ला कोणी गोल दाखवला आणि कोणी चांदणी, हे इथेही तितकेच स्पष्ट कळते. आठवड्याचा तयार तक्ता आपोआप मिळत नाही, एवढाच फरक.

कार्डे गठ्ठ्याने, वर वजन ठेवून, झाकणाच्या डब्यात ठेवा. पावसाळ्यात उघड्यावर राहिलेला पुठ्ठा फुगतो आणि वाकतो. एखादे हरवले तर तेवढेच पान पुन्हा छापा, आणि त्या मुलाला तोपर्यंत वर्गात कोणाकडेच नसलेला क्रमांक द्या. ४० च्या संचात शेवटची पाच-सहा कार्डे यासाठी मोकळी ठेवलेली बरी.